वीतभर दोरी

तेवीस जोड बूट. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत तिने ते दोनदा मोजले. दुसऱ्यांदा उलट्या टोकाकडून, पहिल्या वेळची चूक दुसऱ्या वेळी तशीच होऊ नये म्हणून. शिवाय प्लॅस्टिकचे चार शंकू, त्यांतला एक चिरलेला. दोन स्टॉपवॉच, त्यांतलं एक बंद. मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचं अर्धं पोतं आणि ती ओतायचा, बुडाला भोक पाडलेला पत्र्याचा डबा. दोन लोखंडी खुंट्या. भिंतीतल्या खिळ्याला काथ्याच्या दोरीचं एक वेटोळं. मोजायची टेप कुठेच नव्हती, आणि ते तिने वेगळ्या ओळीत लिहिलं.

मग ती खाली बसली आणि एकेक बूट उलटा करून बघू लागली. टाचा झिजलेल्या होत्या, जशा झिजायला हव्यात तशाच. चालण्याच्या शर्यतीत आधी टाच टेकते. तळव्यांना तांबडी माती होती, खाचांमध्ये घट्ट बसलेली. पांढरं काही नव्हतं. शेहेचाळीस तळवे, आणि एकालाही फक्कीचा कण नाही.

"काय शोधताय मॅडम, बुटांत?" दारातून आवाज आला.

प्रशिक्षक दारात उभे होते. पन्नाशीचे, सडसडीत, गळ्यात शिट्टी. सगळी शाळा त्यांना नुसतं 'सर' म्हणायची, आणि गणिताच्या सरांनाही सर म्हणत असल्यामुळे फरक कळावा म्हणून 'चालणारे सर'.

"मैदानावर रेषा कधी आखली?" तिने विचारलं.

"बारा दिवस झाले. सत्र सुरू होताना आखतो दरवेळी."

"आणि मुली रोज चालतात?"

"रविवार सोडून रोज. पंधरा फेऱ्या."

तिने वहीत लिहिलं: बारा दिवस. रेषेशेजारून चालणाऱ्या तेवीस मुलींच्या बुटांना बारा दिवसांत फक्की लागत नाही. याचा एक अर्थ असा की मुली मैदानावर चालतच नाहीत, वेळा वहीत बसून तयार होतात. तिने हा अर्थ लिहिला नाही. पण पानाच्या कडेला एक बारीक टिंब दिलं. संशय आला की ती टिंब द्यायची.

क्रीडा कार्यालयाने चार वर्षांपूर्वी सहा सरकारी माध्यमिक शाळांत हा उपक्रम सुरू केला होता. मुलींसाठी, फक्त चालण्याची शर्यत. बूट, शिट्टी आणि एक मैदान एवढ्यावर भागतं, म्हणून. नियमही साधा होता. तीन हजार मीटर सोळा मिनिटांच्या आत चालणाऱ्या निदान तीन मुली ज्या शाळेत असतील, तिथे उपक्रम पुढे चालू राहील, आणि त्या मुलींना मोठ्या क्रीडा केंद्रात राहण्याची, शिकण्याची सोय मिळेल. सहापैकी पाच शाळांना तीन मुली जमल्या नव्हत्या. या एका शाळेने मात्र बरोबर तीन कळवल्या होत्या. पंधरा मिनिटं चव्वेचाळीस सेकंद, पंधरा एकोणपन्नास, पंधरा बावन्न. कार्यालयातल्या साहेबांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तू जा. तुला तर वजनकाट्याचाही भरवसा वाटत नाही."

ते खोटं नव्हतं. घरी आई तिला फूटपट्टी म्हणायची. कापडाच्या दुकानात दुकानदाराचा मीटर स्वतःच्या टेपने मोजून बघितला होता, तेव्हापासून.

"वेळांची वही बघू," ती म्हणाली.

सरांनी कपाटातून वही काढली. ती उघडायच्या आधी त्यांनी किंचित थांबून तिच्याकडे पाहिलं. "आधी चहा घेऊ या का? गार होतोय."

"वही बघते, मग घेऊ."

वही नीटनेटकी होती. प्रत्येक मुलीचं पान, प्रत्येक आठवड्याची वेळ, पुढे बारीक अक्षरात शेरे: गुडघा. खांदे. पुन्हा गुडघा. मध्येच एका पानात खूण म्हणून घडी घातलेली चिठ्ठी होती. तिने ती उलगडली. दोनच आकडे होते, एकाखाली एक: १५.७२ आणि १५.३३. खालच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, दुसरी इतकी दाबून की कागद फाटला होता.

"ही चिठ्ठी तुमची?"

"माझीच असणार."

"पंधरा बहात्तर म्हणजे काय?"

"वेळ असेल कुणाची तरी." त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "लक्षात नाही आता."

"बहात्तर सेकंद नसतात, सर. साठच्या पुढे मिनिट होतं."

चहावर साय धरली होती, ती त्यांनी बोटाने बाजूला केली आणि कप तसाच ठेवला.

पंधरा बहात्तर हा आकडा तिला माहीत होता. कार्यालयाच्या नकाशात तो होता. मैदानाच्या दोन्ही टोकांना जे अर्धवर्तुळ आखायचं, त्याची त्रिज्या, मीटरमध्ये. दोन्ही बाजूंना पन्नास मीटर सरळ, दोन टोकांना दोन अर्धवर्तुळं, मिळून दोनशे मीटरची फेरी. तिने चिठ्ठी वहीत परत ठेवली आणि पानाच्या कडेला दुसरं टिंब दिलं. हे पहिल्यापेक्षा मोठं झालं.

"रेषा कोण आखतं?"

"काका. आमचे दोरीकाका."

दोरीकाका मैदानाच्या कडेला झारीने पाणी मारत होते. शाळेचे शिपाई, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. आपल्याला कुणी बोलावतंय याचंच त्यांना नवल वाटलं. खिळ्यावरची दोरी त्यांनी इतक्या प्रेमाने उतरवली की जणू पाळण्यातून मूल उचलतायत.

"ही बघा. एका टोकाचा फास खुंटीत घालायचा, दुसऱ्या टोकाला डबा अडकवायचा आणि गोल फिरायचं. चार वर्षं हीच दोरी. टेप-बिप आपल्याला लागत नाही. टेप ताणली की वाढते, माणूस ताणला की तुटतो. दोरी आपली जशीच्या तशी."

"काथ्या उसवत नाही?"

"उसवतो की! टोकाला दर सत्राला पिंजतो. मग तेवढा तुकडा कापायचा आणि नवीन गाठ मारायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आहे हे. पीळ तोच."

"गाठीला किती लागते दोरी?"

"किती लागणार? वीतभरसुद्धा नाही. चार बोटं." आणि त्यांनी सरांकडे बघून डोळा मारला, म्हणजे या शहाण्या मुलीला एवढंही कळत नाही. सरांनी मान वळवली.

तिने पिशवीतून पोलादी टेप काढली. दोरी दोन खुंट्यांमध्ये ताणून धरायला काकांना सांगितलं, फासाच्या आतल्या कडेपासून फासाच्या आतल्या कडेपर्यंत. पंधरा मीटर तेहतीस सेंटिमीटर.

चिठ्ठीतला खालचा आकडा. तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सर तिच्याकडेच बघताना दिसले असते.

मग तिने मोजणीचं चाक जोडलं. लांब दांड्याचं, मुठीजवळ आकडे फिरतात असं. सर पुढे आले. "द्या, मी ढकलतो. ऊन चढतंय."

"नको. चाक मी दुसऱ्याच्या हातात देत नाही."

ती फेरीला निघाली. नियमाप्रमाणे रेषेवरून मोजायचं नसतं. चालणारीचा पाय रेषेवर पडत नाही, म्हणून रेषेच्या बाहेर वीस सेंटिमीटरवरून चाक न्यायचं. तिथे घोट्याएवढं गवत होतं आणि चाक अडत होतं. रेषा मात्र सुंदर होती. बारा दिवसांची असूनही कुठे पुसलेली नाही, कुठे बुटाचा ठसा नाही, काल आखल्यासारखी. हेही तिच्या ध्यानात आलं आणि तिने तेही लिहिलं.

तीन फेऱ्या. १९७.६१. १९७.५५. १९७.५८.

कट्ट्यावर बसून तिने हिशेब केला. फेरीमागे दोन मीटर बेचाळीस सेंटिमीटर कमी. पंधरा फेऱ्यांत छत्तीस मीटरच्या वर. या मुलींच्या वेगाने साडेअकरा सेकंद, थोडे जास्तच. पंधरा चव्वेचाळीसचे पंधरा पंचावन्न. पंधरा एकोणपन्नासचे सोळा मिनिटांच्या वर, अर्ध्या सेकंदाने. पंधरा बावन्नचे सोळा मिनिटं, तीन सेकंद. तीनांतली एक उरत होती.

सर तिच्याशेजारी बसले नाहीत. समोर उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कळलं. काका गाठ मारत होते, आणि मी सहज खाली पडलेले तुकडे बघितले. सुताराकडून टेप आणली. मोजली." त्यांनी घसा साफ केला. "काकांना सांगितलं नाही. त्यांना दोषी धरू नका."

"नवीन दोरी आणून पुन्हा आखायला किती वेळ लागला असता?"

"एक सकाळ."

"मग?"

"मग पोरींच्या वेळा सोळाच्या वर गेल्या असत्या. पंधरा दिवसांत कागद पाठवायचा होता. माझं काय, मी कुठेही पी.टी. घेईन. पण ती टाचणी आहे ना, बारीक, पंधरा बावन्नवाली? तिच्या घरी नववीनंतर शाळा बंद करायचं ठरलंय. केंद्रात जागा मिळाली तरच पुढचं शिक्षण. मी म्हटलं, चार बोटं दोरी. कोण मोजतंय."

"म्हणजे जाणूनबुजून."

"हो. जाणूनबुजून."

तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, शब्दाला शब्द. मार्गाचं अंतर कमी असल्याची प्रशिक्षकांना कल्पना होती. तरीही त्यांनी वेळा कळवल्या. कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचलाही नाही. खिशातून स्वतःचं पेन काढलं, सही केली, आणि खाली तारीख घातली.

"बाईंचा शिक्का लागेल," ती म्हणाली. बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि त्यांचं कार्यालय साडेदहाला उघडायचं. पावणेआठ वाजले होते.

"तोवर पोरींना चालवू का? फाटकापाशी खोळंबल्यात मघापासून."

"चालवा."

तेवीस जणींनी आत येऊन बूट चढवले. मैदानापलीकडच्या व्हरांड्यातून मुलांनी "क्वॅक, क्वॅक" केलं, कारण चालण्याच्या शर्यतीत कंबर हलते आणि सगळी शाळा यांना बदकं म्हणायची. पुढच्या मुलीने न बघताच हात हवेत उडवला. हे रोजचंच असावं. सर निघायच्या जागी उकिडवे बसले, मान इतकी खाली की डोळे गुडघ्यांच्या रेषेत यावेत. शिट्टी वाजली.

ती कट्ट्यावरून बघत राहिली. एवढं तर खरं होतं की मुली चालतात. पहिलं टिंब चुकलं होतं. पण मग बुटांना फक्की का नव्हती?

पहिली फेरी झाली. दुसरी. तिने वही मिटली.

मुली रेषेजवळून जातच नव्हत्या. एकीमागे एक, सगळ्या रेषेच्या बऱ्याच बाहेरून चालत होत्या. तिथे जमिनीवर एक पट्टा उमटला होता, हातभर रुंद, गवत पूर्ण गेलेला, तांबडा, गुळगुळीत. त्या पट्ट्याच्या आणि पांढऱ्या रेषेच्या मधलं गवत तसंच उभं होतं. याच गवतात तिचं चाक अडलं होतं. तिने आकडे नीट वाचले होते, पण जमिनीकडे पाहिलं नव्हतं.

पंधरा फेऱ्या संपल्यावर एक बारीक मुलगी नळावर आली. गुडघे मुठीएवढे, वेणी कानामागे खोचलेली.

"टाचणी तूच का?"

"हो." ती ओंजळीतून पाणी पीत पीतच बोलली. "ताई, आमचं बंद होणार का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तुम्ही सकाळपासून हसला नाहीत म्हणून."

"रेषेजवळून का नाही चालत तुम्ही? तिथून तर जवळ पडेल."

"तिथून?" मुलीला प्रश्न खुळचट वाटला. "गवतात पाय अडकतो, गुडघा वाकतो. गुडघा वाकला की सर बाद करतात. आणि आम्ही कुठे रेषेकडे बघतो? पुढचीच्या टाचेकडे बघायचं. पहिल्या वर्षीच्या ताया जिथून चालायच्या, तिथूनच."

"सरांना माहीत आहे?"

"काय?"

"तुम्ही कुठून चालता ते."

टाचणी हसली, मग इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "सर कुठे बघतात, ताई? सगळी शाळा म्हणते, सरांचा मेंदू गुडघ्यात. पोरींच्या."

पहिल्या वर्षी दोरी पुरी होती. पहिल्या वर्षीच्या मुलींनी रेषेच्या बाजूने गवत तुडवलं. मग गाठीमागून गाठ पडली, रेषा दर सत्राला चार बोटं आत गेली, आणि पाय मात्र होते तिथेच राहिले. हे सगळं तिला पटकन सुचलं, आणि पटकन सुचलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. आकडा नसलेल्या गोष्टीवर तर नव्हताच. तिने चाक उचललं.

तांबड्या पट्ट्याच्या दोन्ही कडा टेपने मोजून तिने बारा ठिकाणी मध्य काढला आणि तिथे खडे ठेवले. मग खड्यांवरून चाक नेलं. इथे ते कुठेच अडलं नाही. पहिल्या फेरीनंतर तिने आकडा लिहिला आणि त्यावर हात ठेवला. दुसरी फेरी मारली. तोही लिहिला.

मुली बूट काढून पुसत होत्या. दोरीकाका दोरीचं वेटोळं पुन्हा खिळ्याला लावायला निघाले होते. सर चिरलेला शंकू दोन्ही हातांनी दाबून धरून बसले होते, सोडला की पुन्हा उघडत होता.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, तिसरी फेरी तुम्ही मारा."

"कशाची?"

"मुली चालतात त्या वाटेची. मधोमध खडे आहेत. त्यांच्यावरून न्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग चाकाच्या दांड्याकडे. "तुम्ही म्हणाला होता, दुसऱ्याच्या हातात..."

"म्हणाले होते."

ते उठले. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि निघाले. पहिल्या वळणावर त्यांची कंबर हलायला लागली, टाच आधी पडायला लागली, जुन्या सवयीने. पोरींनी एकमेकींना कोपरं मारली. कुणीतरी हळूच "क्वॅक" केलं. सरांनी वर पाहिलं नाही. ते पहिल्यांदाच जमिनीकडे बघत होते, पट्ट्याकडे, आणि डावीकडच्या उभ्या गवताकडे, आणि त्याच्या पलीकडच्या पांढऱ्या रेषेकडे. दुसऱ्या वळणावर त्यांचा वेग कमी झाला. तिथून पुढे ते अगदी सावकाश आले.

शेवटच्या खड्यापाशी चाक थांबलं. ती दहा पावलांवर उभी होती, वही उघडून. तिथून आकडे दिसत नव्हते. ती पुढे गेली नाही.

"वाचा," ती म्हणाली. "मी लिहिते."

ते मुठीवर वाकले. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ लागला त्यांना.

"दोनशे मीटर," ते म्हणाले. "चार सेंटिमीटर."

तिने पहिल्या दोन आकड्यांखाली तिसरा लिहिला.

२००.११
१९९.९८
२००.०४

सरासरी: २००.०४ मीटर.